गाली ते झुगदिदी, मार्गे पूल

लढाईआधी हा अठरा मिनिटांचा रस्ता होता.
पहिल्या फेरीला अक्रोडांच्या गोण्या, पाय बांधलेल्या कोंबड्या,
आणि एखादी नवी नवरी, माहेरपणाला निघालेली.
आता सात आठवडे झाले,
मी त्याच बसने एका दातांच्या डॉक्टरला
इंगुरीपार नेतो,
आणि तो रोज हात हलवत परत येतो.

टेबल पुलाच्या मध्यावर टाकायचं ठरलं होतं.
मध्य कुठे, यातच तीन दिवस गेले.
मग नॉर्वेच्या निरीक्षकाने पलीकडची ओस शाळा उघडली,
तिसरीच्या वर्गातले बाक जोडले.
बाकाखाली कुणाचेच गुडघे मावत नव्हते.

आमच्या बाजूने बाताल.
(आमच्या म्हणावं का, मला अजून ठरवता येत नाही.
आई त्या काठची, बायको या काठची.)
समोर नोदार, ज्याची उजवी दाढ
बातालनेच शहाऐंशी साली भरली होती,
पैसे न घेता, मधाच्या एका बरणीवर.

नोदारच्या यादीत बारा, सगळे जिवंत.
बातालच्या यादीत नऊ जिवंत, चार मेलेले.
मेलेला माणूस पुरता धरायचा की अर्धा,
असं तोंडाने कुणी विचारलं नाही.
पेन्सिलीने लिहिलं फक्त,
आणि कुणा पोराच्या उरलेल्या रबराने खोडलं.

मग एका शब्दावर घोडं अडलं.
युद्धकैदी म्हणावं, तर युद्ध होतं हे कबूल करावं लागतं.
ओलीस म्हणावं, तर धरून ठेवणारे आपण कोण?
चौदा दिवस त्या शब्दाचा कीस पडला.
मी खिडकीखाली रेडिएटरमध्ये पाणी ओतत ऐकत होतो.
शेवटी ठरलं: ताब्यातील व्यक्ती.
आमच्या डेपोतही असंच लिहायचे.
ताब्यातील वस्तू: छत्री, काळी, एक.

बाराव्याचं नाव गेला.
गेला काकुबावा, वय बावीस, गवंडी.
त्याची आई रोज शाळेच्या फाटकाशी,
अंगात त्याचाच कोट, बाह्या दुमडलेल्या.
बस थांबली की एवढंच विचारायची,
गेला येईल ना?
मी म्हणायचो, येईल, आता नावं जुळतायत.

त्याला कुणी मारलं नाही.
सॅनेटोरियमच्या तळघरात ताप चढला,
कीस पडत होता त्यातल्याच अकराव्या दिवशी.
बातालने ते सांगितलं तेव्हा
नोदारने पेन्सिलीला टोक केलं. खूप वेळ करत राहिला.
मग नाव एका रकान्यातून दुसऱ्यात नेलं
आणि सगळी बेरीज पहिल्यापासून.

सह्या झाल्या त्या दुपारी
बाताल हळूच म्हणाला, दाढ?
नोदारने आ केला.
निरीक्षकाची विजेरी मागून घेऊन
बाताल बराच वेळ आत बघत होता.
टिकलीय, म्हणाला,
डावीकडची मात्र बघून घे कुणाकडून तरी.

काल अकरा जण चढले.
एकाने पायरीवर थांबून खिसे चाचपले,
सुटे नाहीत म्हणाला. मी म्हटलं, बसा.
पुलावर कुणी बोललं नाही.
सुरुंगांच्या खुणा चुकवत, पहिल्या गिअरमध्ये,
सव्वीस मिनिटं.

फाटकाशी अकरा घरं त्यांच्यावर तुटून पडली.
मेलेले पुढच्या फेरीत, असं कागदावर आहे.
फेरी म्हणजे त्यांची, बाकांवरची. तारीख नाही.

ती आली. तिला सांगितलेलं होतं.
तरी आत चढून तिने एकेक सीट पाहिली,
खालीसुद्धा,
आणि माझ्या मागच्या सीटवर बसली,
कोटाची बटणं लावून.
नऊ जण चढत होते. निरीक्षक नावं वाचत होता.
ती कुठल्याच यादीत नव्हती.

परत जाणार ना ही, तिने विचारलं.
मी आरशात पाहिलं.
इंजिन चालूच होतं.